मारामारीचे सिनेमे आणि मी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत कामकाज संपल्यावर ‘माझ्या आवडीचं’ या पंधरा मिनिटांत दर वेळी एकजण बोलते. या वेळी पाळी क्षेत्र समन्वयक ताईंची होती. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी ते बोलणं त्यांनीच लिहून दिलं आहे.)



मागच्या वेळी अध्यक्षताई गोधडीवर बोलल्या. त्याआधी लेखापाल ताईंनी भजनाच्या चाली गाऊन दाखवल्या. माझी पाळी आली तेव्हा बऱ्याच जणींना वाटलं, ही एमएसडब्ल्यू झालेली पोरगी, काहीतरी पुस्तकातलं सांगणार. मी म्हणाले, मला मारामारीचे सिनेमे आवडतात. तर दोघी-तिघी हसल्या आणि एक आजी म्हणाल्या, “अगं, तुझ्या अंगात मूठभर मांस नाही, तुला काय गं मारामारी!”

खरं आहे. मला कराटे येत नाही. शाळेत स्वसंरक्षणाचे वर्ग झाले होते, त्यातली एक मूठ सोडली तर काही आठवत नाही. पण हाँगकाँगचे, चीनचे कुंग फूचे सिनेमे मी लहानपणापासून बघते. हिंदीत डब केलेले, टीव्हीवर, दुपारच्या वेळी. हे वेड वडिलांकडून आलं. त्यांच्या तरुणपणी तालुक्याच्या गावी व्हिडिओ सेंटर होतं, तिथे ते ब्रूस लीचे सिनेमे बघायचे. आमच्या गावातल्या केस कापायच्या दुकानात ब्रूस लीचं पोस्टर मीसुद्धा पाहिलंय, पार पिवळं पडलेलं. ‘एंटर द ड्रॅगन’ हा त्याचा सगळ्यात गाजलेला सिनेमा १९७३ साली आला, पण तो आला तेव्हा ब्रूस ली या जगात नव्हता. त्याच वर्षी २० जुलैला गेला, वय फक्त ३२. वडील हे सांगताना अजून गप्प होतात. मला स्वतःला ब्रूस ली आवडतो, पण देवासारखा. लांबून हात जोडावेत असा. तो पहिल्यापासूनच सगळ्यांना भारी असतो, आणि मला ज्याला आधी काहीच येत नाही त्याची गोष्ट जास्त आवडते.

मी मन लावून पाहिलेला पहिला सिनेमा म्हणजे २०१० चा ‘द कराटे किड’. नाव कराटे, पण आत सगळं कुंग फू. बीजिंगला नव्याने राहायला आलेला अमेरिकन मुलगा, शाळेत मार खातो. इमारतीची डागडुजी करणारा एक गप्प माणूस त्याला शिकवायचं कबूल करतो. तो माणूस म्हणजे जॅकी चॅन. आता शिकवणार म्हणजे काय, तर जाकीट काढ, खुंटीला अडकव, परत घे, अंगात घाल, काढ, खाली टाक, उचल, अडकव. दिवसच्या दिवस हेच. मुलगा वैतागतो. आणि मग एके दिवशी मास्तर त्याच्यावर हात उगारतो, आणि मुलाचा हात आपोआप जाकीट काढल्यासारखा वळतो आणि वार अडवतो!

आई तेव्हा भाजी निवडत होती. ती म्हणाली, “बघ. मी रोज सांगते कपडे खुंटीला लाव, तर ऐकत नाहीस.”

ही युक्ती या सिनेमाने जुन्याकडून घेतली आहे. १९८४ च्या मूळ ‘कराटे किड’मध्ये म्हातारा मास्तर पोराकडून गाड्यांना पॉलिश करून घेतो, कुंपण रंगवून घेतो, फरशी घासून घेतो. तुम्ही म्हणाल, हे तर आम्ही लग्न झाल्यापासून करतोय, आम्हाला कुठे कुंग फू आलं? हा प्रश्न मलाही पडतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शिकण्याचा सगळ्यात सुंदर सिनेमा मात्र ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’. म्हणजे शाओलिन मठाची छत्तिसावी खोली. हाँगकाँगमधला, १९७८ चा. लाऊ कार-ल्युंग नावाच्या दिग्दर्शकाचा. त्याच्या घरातच ही विद्या होती, वडिलांकडून आलेली, आणि दिग्दर्शक होण्याआधी तो सिनेमातल्या मारामाऱ्या बसवून द्यायचा. त्यामुळे त्याला खोटं काय आणि खरं काय ते नेमकं ठाऊक.

गोष्ट अशी. मांचू राजवटीत जुलूम चाललेला. एक साधा विद्यार्थी जीव वाचवून शाओलिन मठात पोचतो. त्याला लढायला शिकायचंय. मठात पस्तीस खोल्या, प्रत्येक खोलीत एक धडा. हा पठ्ठ्या थेट सगळ्यात वरच्या खोलीत जातो, आणि अर्थातच बाहेर फेकला जातो. मग खालून सुरुवात. पहिला धडा काय? जेवायला जायचं. जेवणाच्या दालनाच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगणारे ओंडके, त्यावरून पाय देऊन पलीकडे जायचं. पडलात तर ओले व्हाल आणि जेवण चुकेल. पुढचा धडा पाणी भरण्याचा. दोन्ही हात आडवे पसरून दोन हातांत दोन बादल्या, आणि दंडांना आतल्या बाजूने सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की सुरी बरगडीत. मग लांबलचक जड दांड्याने घंटा वाजवायची, म्हणजे मनगट तयार होतं. डोकं स्थिर ठेवून नुसत्या डोळ्यांनी ज्योतीचा माग घ्यायचा, म्हणजे नजर तयार होते.

दोन तासांच्या सिनेमात पाऊण-एक तास हेच चालतं, आणि तरी तुम्ही हलत नाही. मला वाटतं याचं कारण त्याच्या खांद्यांत आहे. पहिल्या दिवशी बादल्या उचलताना ते थरथरतात. पुढे कधीतरी ते थरथरत नाहीत. कुणी सांगत नाही की ‘बघा, आला त्याला.’ आपल्यालाच दिसतं. आपल्या गटात एक ताई पहिल्या वर्षी बँकेत गेल्यावर खिडकीपाशी उभी राहून घामाघूम व्हायची, आता ती मॅनेजरला खुर्चीत बसून प्रश्न विचारते. मधली पायरी कधी ओलांडली, आम्ही रोज बरोबर असूनही कळलं नाही. सिनेमात ती पायरी बघायला मिळते, म्हणून मजा येते.

आणि मग त्या सिनेमाचं नाव. खोल्या तर पस्तीसच. हा सगळ्या पार करतो. मठातले म्हणतात, आता तू एका खोलीचा प्रमुख हो, कुठली हवी ती सांग. तो म्हणतो, मला छत्तिसावी काढायचीय, जिथे बाहेरच्या साध्या माणसांना शिकवता येईल. मठाला हे पटत नाही, विद्या भिंतीबाहेर न्यायची नाही असा नियम. शेवटी वरवर शिक्षा म्हणून त्याला बाहेर धाडतात, आणि बाहेर जाऊन तो तेच करतो. मारामारी पुढे आहेच, भरपूर आहे. पण छत्तिसावी खोली हा शब्द मी डिप्लोमा-डिग्रीच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता, आणि आपलं काम काय हे मला कुणी विचारलं की मनात तोच येतो.

आता थोडं हसूया. जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’, तोही १९७८ चाच. नाव ऐकून भडकू नका. मला माहितीये, आपल्यातल्या अर्ध्याजणी दारूबंदीच्या मोर्च्यात होत्या. नाव पिऊन झिंगलेल्या मास्तराचं आहे आणि तो मास्तर खरंच पितो. ते मला नाही आवडत. पण त्यातलं पोरगं बघा. वाया गेलेलं, बापाने कंटाळून या मास्तराच्या ताब्यात दिलेलं. मास्तर त्याला पायांनी उलटं टांगतो. खाली बादली, वर बादली, हातात चहाच्या एवढ्याशा वाट्या. खालचं पाणी वाटीवाटीने वर भरायचं, प्रत्येक वेळी पोटातून उठून. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा पाणी भरण्यावर हसणारी मी एकटीच नसेन.

त्या मास्तराची विद्या आठ झिंगलेल्या देवतांची. आठ देवता, आठ पद्धती. सात पुरुष आणि एक बाई. पोरगं सात मन लावून शिकतं. आठवी बाईची, नखरेल हातवाऱ्यांची, ती त्याला बायकी वाटते, म्हणून ती करतच नाही. शेवटच्या लढाईत सातही पद्धती संपतात, समोरचा उभाच. मास्तर ओरडतो, आता आठवी कर! आणि याची पाटी कोरी. मग तो तिथल्या तिथे स्वतःची आठवी तयार करतो, लाजत, मुरडत, कंबर हलवत, आणि जिंकतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसती हसले. नंतर दरवेळी तिथे आले की मला वाटतं, बरी जिरली.

जॅकीच्या सिनेमांचं अजून एक. मारामारी चालू असताना त्याला लागतं. तो हात झटकतो, फुंकर घालतो, कळवळतो. हातात येईल ते वापरतो, शिडी, खुर्ची, टोपली, पाट. हिरोला लागतं हे बघायला मला फार बरं वाटतं. आणि सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत असतात तेव्हा चुकलेली दृश्यं दाखवतात. उडी चुकली, डोक्यावर आपटला, स्ट्रेचरवरून नेला. ‘पोलीस स्टोरी’त, १९८५ साली, मोठ्या दुकानांच्या इमारतीत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या उंच खांबावरून तो घसरत खाली येतो. खरंच आला होता. हात भाजले. ते दृश्य सिनेमात तीन बाजूंनी तीनदा दाखवलंय, कारण पुन्हा करणं शक्यच नव्हतं. आमची आई सिनेमा अर्धवट सोडून उठायची, पण शेवटच्या चुका बघायला परत यायची. “हे खरं,” म्हणायची.

मारामारी बघताना कॅमेरा कुठे आहे तेही बघा. हल्लीच्या सिनेमात मूठ दिसते, लगेच चेहरा, लगेच काच फुटते. कुणी कुणाला मारलं तेच कळत नाही. जुने हाँगकाँगवाले कॅमेरा लांब ठेवायचे. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, आणि एका दमात दहा-बारा वार-प्रतिवार होतात. शाळेत ज्या लेझीम खेळल्यात त्यांना हे लगेच कळेल. समोरची चुकली तर आपली लय जाते, आपण चुकलो तर तिची. पडद्यावर ते एकमेकांचे वैरी असतात, पण खरं तर दोघं मिळून एकच काम करत असतात आणि एकमेकांना सांभाळत असतात. म्हणून तर या सिनेमांत बायका इतक्या शोभल्या. १९६६ साली ‘कम ड्रिंक विथ मी’ आला (पुन्हा पिण्याचंच नाव, माझा नाइलाज आहे). त्यात डाकूंनी पळवलेल्या भावाला सोडवायला बहीण येते. ती झाली होती चंग पेई-पेई. तिने लहानपणी बॅले नाच शिकला होता. एका खाणावळीत ती एकटी बसलेली, भोवती सगळे गुंड, एकेक जण तिची परीक्षा घ्यायला काहीतरी फेकतोय, आणि ती जागची न उठता, चेहरा न बदलता सगळं परतवते. एस.टी. स्टँडवर एकटी बसलेली असताना मला ते दृश्य पुष्कळदा आठवलंय.

मिशेल योहसुद्धा मुळात नाचवाली. मलेशियाची. पाठीला इजा झाली आणि बॅले सुटला, मग सिनेमात आली. जॅकीबरोबरच्या एका सिनेमात तिने मोटारसायकल चालत्या रेल्वेवर उडवली, स्वतः. २०२३ साली तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, आशियातल्या बाईला ते पहिल्यांदाच. तेव्हा ती साठीला पोचली होती. हे मी आपल्या गटातल्या ‘आता आमचं काय राहिलं’ म्हणणाऱ्या ताईंसाठी सांगतेय, त्यांना कळलं असेल.

आता ज्याच्यासाठी मी आज उभी राहिले तो सिनेमा. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’, २००० सालचा, आंग ली दिग्दर्शक, चार ऑस्कर. यात मिशेल योह आहे. तिला मँडरीन बोलता येत नव्हती, सगळे संवाद तिने उच्चार ऐकून ऐकून पाठ केले. माणसं झाडांच्या शेंड्यांवरून चालतात, छपरांवरून उडतात. ते खरं वाटत नाही असं काहीजण म्हणतात. मला तरंगताना बघायला आवडतं. अंगणातली एक लढाई आहे, मिशेल योह आणि तरुण झांग झियी यांची. लहानीच्या हातात अशी तलवार की समोरचं प्रत्येक हत्यार तुटतं. मोठी एक तुटलं की दुसरं उचलते. एक लोखंडी दांडा इतका जड असतो की तो घेऊन तीच कोलमडते. दोघी श्वास घ्यायला थांबतात तेव्हा आपणही घेतो.

पण माझ्या मनात राहिली ती तिसरी बाई. जेड फॉक्स. सिनेमातली दुष्ट म्हातारी. ती भूमिका केलीय त्याच चंग पेई-पेईने, खाणावळीत एकटी बसलेली ती मुलगी, चौतीस वर्षांनी. या जेड फॉक्सला तरुणपणी विद्या शिकायची होती. मोठ्या गुरूने तिला जवळ केलं, पण बाई म्हणून विद्या दिली नाही. तिने त्याला विष घातलं आणि ग्रंथ चोरून पळाली. पुढे एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी ओळख लपवून राहिली आणि त्यांच्या लहान मुलीला, जेनला, गुपचूप शिकवू लागली. दोघी त्या ग्रंथावरून शिकायच्या.

आता ऐका. जेड फॉक्सला वाचता येत नव्हतं. ग्रंथात चित्रं होती, ती चित्रं बघून शिकत होती. जेनला वाचता येत होतं. चित्रांखाली काय लिहिलंय ते जेन वाचायची आणि सांगायची नाही. वर्षानुवर्षं. शिष्या गुरूच्या पुढे निघून गेली आणि गुरूला पत्ता नाही. शेवटी हे उघड होतं. मरताना म्हातारी जे बोलते त्याचा अर्थ असा की माझं खरं विष म्हणजे ती लहानगी मुलगी, जिने माझ्यापासून लपवलं.

सिनेमा जेनच्या बाजूचा आहे. ती सुंदर आहे, तरुण आहे, तिला बंधनं नकोत. मीही कॉलेजात असताना जेनच्याच बाजूची होते.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षाची गोष्ट. एका मावशींना शेळ्यांसाठी कर्ज मंजूर झालं. कागद नऊ-दहा पानांचे. जीप उभी होती, पुढच्या गावात अजून दोन सभा. मावशींनी विचारलं, “यात काय लिहिलंय गं?” मी म्हणाले, “नेहमीचंच आहे मावशी, इथे सही करा.” त्यांना सही येते, वाचता येत नाही. त्यात लिहिलं होतं की विम्याचे आणि इतर पैसे आधीच कापून उरलेली रक्कम हातात येईल. मी वाचलं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर अर्धा तास जाईल, आणि खरं सांगायचं तर मनात असंही होतं, कशाला, त्यांना ते समजणार आहे का. मावशींनी पूर्ण रकमेवर शेळ्यांचा सौदा ठरवलेला. पैसे कमी आले. सौदा मोडला, विसार गेला.

त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुला वाचता येत होतं ना?”

त्या रात्री काही सिनेमा आठवला वगैरे नाही. रात्री नुसती झोप लागली नाही. सहा-सात महिन्यांनी टीव्हीवर तो सिनेमा परत लागला आणि ग्रंथाचा तो प्रसंग आला तेव्हा मी उठून आत गेले. जेन असंच काहीतरी म्हणते, मी सांगितलं असतं तरी तुला कळलं नसतं.

आता आपल्या सभेत कुठलाही कागद आला की तो सगळा मोठ्याने वाचला जातो, हे तुम्हाला माहीत आहे. लांबतं, चहा गार होतो, तुमच्यातल्याच काहीजणी कुरकुरतात. ते का सुरू झालं हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्या मावशी? त्यांनी मला माफ केलंय की नाही, ठाऊक नाही. त्या गटात आहेत, हप्ता वेळेवर भरतात. पण माझ्याकडून आलेला कागद त्या आधी नातीकडून वाचून घेतात, माझ्यासमोरच. नात सातवीत आहे. अडखळत वाचते. मी थांबते.

जाता जाता एक सिनेमा नक्की बघा म्हणून सांगते, ‘कुंग फू हसल’, २००४ चा, स्टीफन चाऊचा. जुन्या शांघायमधली गरीब चाळ. गुंड येतात. आणि कळतं की हमाल, शिंपी आणि पिठाचे पदार्थ करणारा, हे तिघं मोठे वस्ताद आहेत, गप्प राहून पोट भरत होते. त्यांच्याहून वरची म्हणजे घरमालकीण. केसांना कर्लर लावलेली, तोंडात सिगारेट, भाडं थकलं की अख्खी चाळ हलेल असं ओरडणारी. ते ओरडणं हीच तिची विद्या. ही भूमिका करणारी युएन चिऊ लहानपणी जॅकी चॅनच्याच नाट्यशाळेत तयार झालेली, बऱ्याच वर्षांनी सिनेमात परतली होती. वसुलीला निघालेल्या आपल्या सचिव ताई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. (सचिव ताई, रागावू नका.)

पुढच्या महिन्याच्या सभेनंतर समाजमंदिरात पडदा लावून ‘छत्तिसावी खोली’ दाखवायची असं ठरलंय. प्रोजेक्टर शाळेकडून मिळतोय. सतरंज्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेवू. मधे मधे थांबवून मी मराठीत सांगेन.

त्या मावशींनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, “मारामारी किती आणि बाकीचं किती?”

म्हटलं, बाकीचंच जास्त आहे मावशी. पाणी भरतो, लाकडावरून चालतो, घंटा वाजवतो.

“मग त्यात बघायचं काय? पाणी तर आम्ही रोज भरतो.”

पण येते म्हणाल्या. नातीला घेऊन येते म्हणाल्या.